छोट्या विमानात एसी: घ्यावा की नको?

फुरसतीतला_पायलट

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न विचारतोय. स्वतःचं चार सीटचं विमान घ्यायचं एकदाचं ठरलंय आणि शोधता शोधता दोन पायपर आर्चर समोर आलीत, दोन्ही १९७० च्या दशकाच्या शेवटची, दोन्ही १८० हॉर्सपॉवर, इंजिनाचे तासही साधारण सारखेच. फरक इतकाच की एकात फॅक्टरीतून बसवलेला एसी आहे आणि मालकाच्या म्हणण्यानुसार "मस्त चालतो". दुसऱ्यात नाही. एसीवाल्याचा युजफुल लोड (म्हणजे माणसं, सामान, पेट्रोल मिळून उचलता येणारं वजन) ३८० किलो, बिनएसीवाल्याचा ४१० च्या आसपास. म्हणजे ३० किलो गेले एसीच्या पोटात.

आम्ही चौघं, मी ८२ किलो, बायको ६०, पोरं ३५ आणि ३०. आत्तापर्यंत भाड्याच्या विमानातून फिरायचो, उन्हाळ्यात दार लावलं की पाच मिनिटात सगळे घामाघूम. बायको म्हणते एसीवालंच घे, क्लबातले जुनेजाणते म्हणतात येडा आहेस का, वर गेल्यावर थंडी वाजते. ज्यांनी खरंच वापरलाय त्यांनी सांगा राव, फायदा आहे का नुसता मिरवायचा दागिना?

उत्तरवारा

क्लबातले बरोबर बोलतायत. दर हजार फुटाला साधारण २ अंश तापमान उतरतं. खाली ३८ असेल तर आठ हजार फूट वर गेलास की २२ च्या आसपास, सगळे व्हेंट उघडले की अंगावर झकास वारं. म्हणजे दोन तासाच्या फ्लाइटमधे एसीचं काम फार तर अर्धा तास, आणि ते ३० किलो मात्र बाराही महिने, दर टेकऑफला, थंडीतसुद्धा पाठीवर घेऊन हिंडायचे. ३० किलो म्हणजे ४१-४२ लिटर अ‍ॅवगॅस, आर्चरमधे तासाभराहून थोडं जास्तच उडणं. मी तरी तासाभराचं पेट्रोल देऊन गारवा विकत घेणार नाही. विमान उभं असताना काचांना आतून चंदेरी पडदे लाव, निघायच्या आधी दहा मिनिटं दार उघडं ठेव, सकाळी लवकर उड, झालं काम. मी पंचवीस वर्षं असंच उडतोय.

चार_सीट_तीन_उलट्या

उत्तरवारा काका, राग मानू नका पण तुम्ही एकटे उडता, हो ना? एकट्या माणसाचा हिशोब वेगळा आणि मागच्या सीटवर सहा वर्षाचं पोर असलं की वेगळा. "फक्त अर्धा तास" म्हणताय तोच अर्धा तास सगळी मजा घालवतो. माझं नाव बघा, उगाच नाही ठेवलेलं.

आमच्याकडे पण आधी बिनएसीची आर्चर होती. व्हायचं काय की सामान भरायचं, पोरांना पट्टे बांधायचे, इंजिन चालू करायचं, मग रनअप (टेकऑफआधीची इंजिनाची तपासणी), मग पुढे तीन विमानं रांगेत, तोवर काचेतून ऊन असं येतं की अंगाची लाही लाही. आर्चरला दार एकच, उजवीकडे, पंखावर. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवरून विमान पुढे नेताना, बायको ते हाताने किलकिलं धरून बसायची आणि डावीकडची ती छोटी खिडकी माझ्या वाट्याला, मागच्यांना काहीच नाही. ज्यांच्याकडे सेसना १७२ आहे त्यांना निदान उडतानाही मोठी खिडकी उघडता येते, आपल्याला ती चैन नाही. मग टेकऑफ. भरलेलं विमान, गरम हवा, मिनिटाला जेमतेम पाचशे फूट चढ, म्हणजे आठ हजारावर पोचायला सोळा-सतरा मिनिटं, आणि दुपारच्या उन्हात नेमका तोच खालचा थर उकळत्या पातेल्यासारखा हलत असतो. उकाडा अधिक हेलकावे, पोरांनी दोनदा ओकलं आणि तिसऱ्या वेळी बायकोने शांतपणे सांगितलं की तू जा, आम्ही गाडीने येतो.

दोन वर्षं मी एकटाच उडत होतो. मग ते विकून एसीवालं घेतलं आणि आता चौघं जातो. किती किलो, किती लिटर, ते सगळं मान्य आहे मला, पण रिकाम्या सीटांचा युजफुल लोड घेऊन काय करू?

आणि नुसतं आरामाचं पण नाही हं. घाम निथळणारा, पाणी न प्यालेला पायलट रेडिओवरचं ऐकायला चुकतो, चेकलिस्ट उडी मारून वाचतो. माझं झालंय.

तेलकट_हात

मी मेकॅनिक आहे, पायपरचे हे एसी बरेच हाताळलेत. घ्यावा का नाही ते तुम्ही ठरवा, पण तो चालतो कसा ते समजून घ्या म्हणजे बघायला गेल्यावर फसणार नाही.

कॉम्प्रेसर इंजिनाच्या पुढे उजव्या बाजूला खाली, पट्ट्यावर फिरतो, मधे त्याला जोडणारा-तोडणारा इलेक्ट्रिक क्लच. कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारा भाग) पोटाखाली एका झडपेला लावलेला, एसी चालू केला की ती झडप बाहेर येते आणि वारा खाते. इव्हॅपोरेटर (हवा गार करणारा भाग) पार मागे, सामानाच्या कप्प्याच्याही पाठी, तिथून गार हवा छतातल्या नळीने प्रत्येकाच्या डोक्यावर. आता खरी गंमत म्हणजे थ्रॉटल (इंजिनाची पॉवर कमी-जास्त करणारा दांडा) पूर्ण पुढे ढकललं की एक स्विच कॉम्प्रेसर आपोआप तोडतो आणि झडप आत जाते, कारण चढताना पट्ट्याने खाल्लेली पॉवर आणि बाहेर लोंबणारी झडप दोन्ही परवडत नाहीत. पंखा चालू राहतो म्हणून मिनिटभर गारवा टिकतो. थ्रॉटल जरासं मागे घेतलं की परत सुरू. तरीसुद्धा टेकऑफला एसी बंद ठेवायचा असं पॅनेलवर लिहिलेलं असतं आणि लँडिंगच्या आधी पण बंद करायचा, गो-अराउंड करावा लागला, म्हणजे न उतरता परत वर जावं लागलं, तर पूर्ण दम हातात हवा. क्रूझमधे, म्हणजे वर एका उंचीवर उडताना, चालू ठेवलात तर वेगातले चारेक नॉट जातात.

म्हणजे उत्तरवारांचं म्हणणं अर्धं खरं आणि अर्धं अजूनच खरं :) रनवेवर उभं असताना चालतो, नेमका टेकऑफला बंद, मग चढताना परत चालू. शिवाय जमिनीवर इंजिन मंद फिरत असतं तेव्हा कॉम्प्रेसर पण मंदच फिरतो, त्यामुळे ज्या वेळी सगळ्यात जास्त हवा त्या वेळी तो सगळ्यात कमी देतो. आरपीएम हजार-बाराशे ठेवलं तर बरा गार करतो.

जुन्या यंत्रात मुळात आर-१२ गॅस होता, तो आता बनत नाही, कोणीतरी आर-१३४ए वर बदललाय का ते लॉगबुकात बघा. आणि महिन्यातून एकदा दहा मिनिटं, थंडीतसुद्धा, चालवलाच पाहिजे नाहीतर सील सुकतात आणि गॅस गळतो. निम्मे एसी वापरून नाही, न वापरून मेलेले असतात.

बर्फवाला

मधला मार्ग कोणी सांगतच नाहीये. बर्फाची पेटी! थर्मासचा मोठा डबा, आत बर्फ आणि पाणी, छोटा पंप ते गार पाणी एका रेडिएटरमधून फिरवतो, पुढे पंखा. सिगरेट लायटरच्या सॉकेटवर चालतो, विमानात कायमचं काही बसवायचं नाही, थंडीत घरी ठेवायचा.

हिशोब पण करून ठेवलाय, हौस आहे मला. १ किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. १० किलोचे ३३४०, म्हणजे तासाभरात वितळला तर साधारण ९०० वॉटचा गारवा. समोर काय आहे? चार माणसं प्रत्येकी शंभरेक वॉट सोडतात, आणि डोक्यावरचं ऊन चौरस मीटरला हजार वॉटपर्यंत. काचा किती आहेत ते मोजा आणि रडा. म्हणजे अख्खी केबिन गार होणार नाही, पण झोत सरळ मागच्या पोरांच्या तोंडावर सोडला तर तो वीस मिनिटांचा चढ सुसह्य होतो, माझा स्वतःचा अनुभव.

तोटे: बर्फ वितळला तरी पाण्याचं वजन तेवढंच राहतं. पेटी नीट बांधा, हेलकाव्यात १५ किलोची पेटी डोक्यात बसली तर गारवा कायमचा. आणि एक हात जोडून विनंती, बर्फ संपला म्हणून कोणी ड्राय आइस घालू नका, त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बंद केबिनमधे साठतो आणि पायलट झोपी जातो.

फुरसतीतला_पायलट

एवढी उत्तरं! धन्यवाद सगळ्यांना. वजनाचं गणित मांडलं: आम्ही चौघं २०७ किलो, टाक्या फुल म्हणजे १३१ किलो, झाले ३३८. एसीवाल्यात ४२ उरतात, बिनएसीत ७२. बायकोच्या बॅगा बघितल्या तर ४२ म्हणजे तोंडचा घास काढल्यासारखं आहे, पण टाकी थोडी कमी भरून भागेल, एका दमात चार तास तसंही पोरं बसणार नाहीत. बर्फाच्या पेटीचा पण मोह झाला. बिनएसीचं घेऊन नंतर इलेक्ट्रिक एसी बसवला तर? पट्टा नको, झडप नको.

तेलकट_हात

त्या नादी लागू नका. या जुन्या आर्चरची वायरिंग १४ व्होल्टची, अल्टरनेटर ६० अँपियर. दीड किलोवॉटचा एसी घेतलात तरी शंभरच्या वर अँपियर मागणार, कुठून आणणार? नवी २८ व्होल्टची विमानं असतील तर वेगळी गोष्ट. त्यात आपलं सर्टिफाइड विमान, त्या मॉडेलसाठी मंजूर एसटीसी (मूळ विमानात बदल करायची सरकारी मान्यता) नसेल तर हात लावता येत नाही. स्वतः बांधलेल्या विमानवाल्यांची ती मजा आहे, त्यांना मोकळं रान.

हँगरमधलं_आरव्ही१०

मोकळं रान वगैरे काही नाही हो, मी आरव्ही-१० या घरी बांधलेल्या विमानात स्वतः एसी बसवलाय, इव्हॅपोरेटर शेपटाकडे टाकला आणि बॅलन्स इतका मागे सरकला की मागे दोन मोठी माणसं बसवली की सामान ठेवायला जागा असून परवानगी नाही. गार मात्र फर्स्टक्लास. दोन्ही आर्चरचा नुसता युजफुल लोड बघू नका, चौघं बसवून सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) कुठे येतो ते काढा, एसी मागेच आहे तुमचा पण.

फुरसतीतला_पायलट

शनिवारी भर दुपारी जाऊन एसीवालं बघून आलो, मुद्दाम दुपार निवडली. सीजी मर्यादेत बसतोय, जरा मागे आहे पण आत. दार लावलं, इंजिन चालू, बाराशे आरपीएम, एसी ऑन. चार-पाच मिनिटात खरंच डोक्यावर गार हवा, बायको मागे बसली होती तिने तिथूनच अंगठा दाखवला. एसी ऑन केल्यावर "डोअर ओपन"चा, म्हणजे पोटाखालची झडप उघडी असल्याचा, दिवा लागला, बरोबर. पण एसी बंद केला तरी दिवा विझेना. मालक म्हणाला तो दिवा असाच आहे, लक्ष नका देऊ.

तेलकट_हात

तो दिवा "असाच" नसतो. दिव्याचा स्विच बिघडला असेल तर किरकोळ काम, पण झडप खरंच बाहेर लटकत राहत असेल तर फुल लोडमधे गरम दुपारी चढ अजून कमी, आणि तुम्हाला वाटणार एसी बंद आहे. इंजिन पूर्ण थांबवून, मास्टर स्विच (विमानाची वीज) चालू ठेवून कोणाला तरी एसी ऑन-ऑफ करायला सांगा आणि स्वतः बाहेर उभं राहून पोटाखाली बघा झडप आत जाते का. ते नीट होईपर्यंत उडू नका. आणि लॉगबुकातलं गॅसचं बघितलंत का?

फुरसतीतला_पायलट

बघितलं, गॅस बदललाय, नोंद आहे. झडप बघायला उद्या परत जातोय. मालकाला सांगितलंय दुरुस्त करून दे, मग पुढचं बोलू. बायकोने इकडे पोरांच्या सीटा कुठल्या ते ठरवून पण टाकलंय.

चार_सीट_तीन_उलट्या

मागच्या सीटच्या खिशात पिशव्या ठेवच. एसी असला तरी.