बाबांच्या हार्टमध्ये रेडिएशन देणारेत, घरी लहान बाळ आहे, चालेल का?

सिंहगडरोडकर: बाबा सध्या दादाकडे न्यूजर्सीला आहेत. पहिला स्टेंट इथेच पुण्यात टाकलेला, तो आतून बुजला म्हणून त्यातच दुसरा टाकला, आता तोही बुजलाय. तिकडचे डॉक्टर म्हणतात तिसरा थर नको, बलूनने जागा मोकळी करू आणि तिथेच ब्रॅकीथेरपी, म्हणजे रक्तवाहिनीच्या आतूनच रेडिएशन, देऊ. दादाचं बाळ आठ महिन्यांचं आहे आणि आई इथून रोज फोनवर एकच विचारते, घरी आल्यावर ह्यांच्या अंगातून किरणं येणार का? कोणाला माहितीये का?

कॅथलॅबवाला_पुणे: मी टेक्निशियन आहे पण हे कधी हाताळलं नाही, आमच्याकडे औषधाचा बलून नाहीतर औषधाचा स्टेंट. आमचं रेडिएशन म्हणजे एक्सरे, लेड अॅप्रन घाला आणि आत टीएलडी बॅज (आपल्याला किती किरणं लागली ते मोजणारा) लावा, तो दर तीन महिन्यांनी रीडिंगला जातो. (आमच्या एकाचा बॅज महिनाभर खुंटीवरच होता, रीडिंग अर्थातच झकास आलं.)

निवृत्त_फिजिसिस्ट: मी तिकडे असताना ह्या केसेसना उभा राहिलोय. एफडीएची (तिकडची औषध नियंत्रण संस्था) मान्यता 2000 ची, नंतर औषधाचे स्टेंट आले आणि हे मागे पडलं, आता असे हट्टी ब्लॉकेजच येतात. स्ट्रॉन्शियम-90 ह्या किरणं सोडणाऱ्या पदार्थाचे बारीक दाणे पाण्याच्या दाबाने कॅथेटरमधून (बारीक नळीतून) आत ढकलतात, तीन ते पाच मिनिटं ठेवतात आणि तसेच परत ओढून घेतात. आत काहीच राहत नाही. पण "परत आले" हे कोणी नुसतं तोंडाने म्हणून चालत नाही. दाणे ते ढकलणाऱ्या डिव्हाइसच्या खिडकीत दिसले पाहिजेत, शिवाय सुरू करायच्या आधी पेशंटचं किरणं मोजायच्या मीटरवर रीडिंग घेतलेलं असतं, नंतर छातीवरून तेच मीटर फिरवतात आणि आकडा आधीइतकाच यायला हवा. मीटरची बॅटरी मी रोज सकाळी बघायचो, कारण मेलेला मीटर पण शून्यच दाखवतो. बाळाला खुशाल मांडीवर द्या.

सिंहगडरोडकर: खूप आभार सर! पण दाणे मध्येच अडकले तर? शिशाच्या डब्यात टाकतात का?

निवृत्त_फिजिसिस्ट: अडकले तर वाट बघत नाहीत, अख्खा कॅथेटरच बाहेर ओढून बाजूला तयार ठेवलेल्या अॅक्रिलिकच्या डब्यात टाकतात. शिसं नाही, प्लास्टिक. हे बीटा किरण आहेत, टिश्यूत जेमतेम सेंटीमीटरभर जातात आणि जाड अॅक्रिलिक त्यांना सहज अडवतं. थेट शिशावर आपटले तर उलट एक्सरे तयार होतात.

कॅथलॅबवाला_पुणे: हे माहीत नव्हतं, मी शिसंच म्हणालो असतो 😅

सिंहगडरोडकर: आईला सगळं वाचून दाखवलं. तिचा पुढचा प्रश्न, ती पाच मिनिटं घड्याळ कोण बघतं?

निवृत्त_फिजिसिस्ट: आमच्यात दोघं बघायचे, दोन वेगळी स्टॉपवॉच घेऊन. वहिनींना सांगा.