थिन क्लायंट उशिरा चालू होतात, याचा दोष लिनक्सवर टाकू नका

धागाकर्ता, होटगी रोड
काल इथे एका सभासदांनी ठामपणे लिहिले की स्वस्त थिन क्लायंटवर (नेटवर्कवरून, सर्व्हरच्या जिवावर चालणाऱ्या छोट्या यंत्रांवर) लिनक्स म्हणजे रोज सकाळचा खोळंबा, त्यापेक्षा जुने पीसी घेऊन विंडोज टाकावे. ते वाचून राहवले नाही. या यंत्रांचा वेळ काम करण्यात जात नाही, कशाची तरी वाट पाहण्यात जातो. यंत्रे जोडणाऱ्या नेटवर्क स्विचवर स्पॅनिंग ट्री (जोडणीत गोल फेरा होऊ न देणारी सोय) चालू असेल तर पोर्ट उघडायला ३० सेकंद लागतात आणि तोवर पीएक्सई, म्हणजे नेटवर्कवरून यंत्र चालू करणारी सोय, पत्ता वाटणाऱ्या डीएचसीपीला हाका मारून थकलेले असते. त्यानंतर टीएफटीपी, म्हणजे सर्व्हरवरून फाइली आणण्याची साधी पद्धत. ते मूळ नियमानुसार ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवते, पोच आली की दुसरा. ४० एमबीची इनिटरॅमएफएस (लिनक्स सुरू होताना लागणारी पहिली फाइल) अशा रीतीने यायची तर ऐंशी हजारांहून अधिक वेळा पोच द्यावी लागते. तुकडा मोठा करण्याची सोय नव्वदच्या दशकापासून आहे, पण ती सगळीकडे वापरली जातेच असे नाही.

संगणक-शिक्षिका, जुळे सोलापूर
आपले गणित बरोबर असेलही, परंतु शाळेत स्विचची सेटिंग बदलणार कोण? आमच्याकडे पस्तीस मिनिटांचा तास असतो आणि मुले काळ्या पडद्यावर दीड मिनिटाची मोजणी पाहत बसतात. यंत्रे बसवून देणारा माणूस बिल घेऊन गेला, तो पुन्हा फिरकला नाही. वापरणाऱ्याच्या दृष्टीने उशीर तो उशीरच.

धागाकर्ता, होटगी रोड
मॅडम, ती दीड मिनिटे म्हणजे सिस्टमडीची (लिनक्समध्ये सगळ्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामची) ९० सेकंदांची ठरलेली मुदत आहे. बहुधा काढून टाकलेल्या एखाद्या डिस्कची नोंद एफएसटॅबमध्ये (कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीच्या फाइलमध्ये) तशीच राहिली असेल. ‘सिस्टमडी-अॅनालाइझ ब्लेम’ ही आज्ञा चालवून पाहा, कोणती सेवा किती वेळ खाते ते ओळीने दिसेल.

दुरुस्तीवाले, नवी पेठ
मुळात रात्री यंत्रे बंद करताच कशाला? थिन क्लायंट दहा-पंधरा वॉट खातो. चालू ठेवा, म्हणजे बूटचा, रोज सुरू होण्याचा, प्रश्नच मिटला.

लेखनिक, अक्कलकोट रोड
साहेब, आपण सोलापुरातच राहता ना? आमच्या कारखान्याच्या ऑफिसात उन्हाळ्यात दुपारी लाईट गेली की सगळी यंत्रे एकदम पडतात. लाईट आल्यावर क्लायंट आधी उठतात, सर्व्हर मागाहून. तोपर्यंत प्रत्येक पडद्यावर ‘पीएक्सई-ई५१’ झळकते, म्हणजे डीएचसीपीचे उत्तर आले नाही. मग एकेका टेबलाखाली वाकून बटण दाबत फिरायचे. चादरींची चलने तशीच पडून राहतात आणि बाहेर टेम्पोवाला ओरडत असतो.

दुरुस्तीवाले, नवी पेठ
मग सर्व्हरला यूपीएस लावा. एवढी साधी गोष्टही मी सांगायची का?

लेखनिक, अक्कलकोट रोड
यूपीएस आहे, बॅटरी मेली आहे. नवी बॅटरी मागितली की मालक म्हणतात, पुढच्या महिन्यात पाहू. आपण दुकानात बसून सल्ले देता, वाकावे आम्हाला लागते.

दुरुस्तीवाले, नवी पेठ
आवाज चढवू नका. गिऱ्हाइकाने बॅटरी बदलायची नाही आणि वर यंत्राला नावे ठेवायची, हेच मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे.

संगणक-शिक्षिका, जुळे सोलापूर
भांडण पुरे. धागाकर्त्यांनी सांगितल्याप्रमाणे आज एका यंत्रावर ती आज्ञा चालवली. एफएसटॅबमध्ये डिस्कची जुनी नोंद निघालीच, आणि आज्ञेच्या यादीत ‘नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन’ (नेटवर्क जोडले जाईपर्यंत थांबणारी सेवा) वरच्या ओळीत होते. नोंद काढल्यावर मोजणी थांबली, एवढे मला मान्य करावे लागेल. तरीही ज्याने यंत्रे विकली त्याने हे तपासून द्यायला हवे होते, हे माझे म्हणणे कायम आहे.

धागाकर्ता, होटगी रोड
त्या म्हणण्याशी मी सहमत आहे. लेखनिक साहेब, बॅटरी मिळेपर्यंत क्लायंटच्या बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘वीज आल्यावर बंदच राहा’ असा पर्याय निवडा आणि सर्व्हर उठल्यावर वेक-ऑन-लॅनने (नेटवर्कवरून हाक देऊन यंत्र चालू करण्याच्या सोयीने) सगळे एकदम जागे करा. काही स्वस्त यंत्रे वीज तुटल्यावर त्या हाकेला ओ देत नाहीत, म्हणून आधी एकावर करून पाहा.

लेखनिक, अक्कलकोट रोड
सोमवारी पाहतो. बॅटरीची मागणी मात्र मी मागे घेणार नाही.