आरटीसीच्या (घड्याळ चिपच्या) नमुना कोडमध्ये एरर कोड तपासायचे का? सल्ला हवा

ऊसवाला_करवीर: मंडळी, घरच्या उसाच्या मोटरीसाठी टायमर करतोय. ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर बोर्ड), डीएस३२३१ या घड्याळ चिपचं मॉड्यूल, पुढं रिले आणि स्टार्टर. लाईटची पाळी बदलत राहते आणि शिवारात वायफाय नाही, म्हणून घड्याळ लागतंच. नमुना कोड घरी टेबलावर झकास चालतो. विहिरीवर मोटर सुरू-बंद होताना मात्र मधूनच १६५:१६५:८५ अशी वेळ येते! कुठलं फंक्शन काय परत देतंय हे त्या कोडमध्ये बघितलेलंच नाही. सगळीकडे तपासणी घालू, की चिप बदलू?

उद्यमनगरी: चिप राहू दे भावा. वाचायला काहीच आलं नाही की वायर लायब्ररीचं (चिपशी बोलणारा तयार कोड) रीड() -१ देतं, बाइटमध्ये ते होतं २५५. घड्याळाचे आकडे बीसीडीत (बाइटच्या एका अर्ध्यात दशक, दुसऱ्यात एकक) असतात; २५५चे दोन्ही अर्धे १५, म्हणून १५ गुणिले १० अधिक १५, झाले १६५. सेकंदाचा वरचा बिट कापतात, तिथं ८५ उरतात. थोडक्यात, चिपकडून उत्तरच आलं नाही आणि कोडनं त्याचीच वेळ करून दाखवली.
चिपला निरोप धाडणारं एंडट्रान्समिशन() शून्य देतंय का बघ. २ आला तर हेक्स (सोळाच्या पायातला आकडा) ६८ या चिपच्या पत्त्यावर कुणी ओ दिली नाही, ५ म्हणजे टाइमआउट. वाचन मागवणाऱ्या रिक्वेस्टफ्रॉम()नं पुरते ७ बाइट आणले का तेही बघ. कमी आले तर ते वाचन टाकून दे आणि परत माग.

रात्रपाळी: वरचं बरोबर, पण शून्य आला म्हणजे वेळ खरी असं नाही हं. शून्याचा अर्थ एवढाच की निरोप पोचला. मॉड्यूलवरचा सेल उतरून घड्याळ मधे थांबलं असेल तरी चिप खुशाल चुकीची वेळ देते, आणि एरर कुठंच दिसत नाही. त्यासाठी चिपमधल्या हेक्स ०एफ रजिस्टरचा (नोंदीच्या खणाचा) सातवा बिट वाचा. आरटीसीच्या लायब्ररीत तेच लॉस्टपॉवर() नावानं मिळतं. तो बिट १ असेल तर वेळ नव्यानं लावल्याशिवाय मोटर सुरू करू नका.

ऊसवाला_करवीर: आणि एरर आलाच तर? नमुन्यात आरटीसी सापडलं नाही की व्हाइल(१)मध्ये (न संपणाऱ्या फेऱ्यात) अडकवून ठेवलंय.

उद्यमनगरी: ते टेबलापुरतं ठीक. शिवारात रिले ओढलेला असताना कोड तिथं अडकला तर रात्रभर पाणी वाहील! दोन-चार वाचनं फसली तर शेवटची खरी वेळ अधिक मिलिस() (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) यातला फरक धरून चालव. तरीही चिप बोलली नाही तर आधी रिले सोडून मोटर बंद कर, मग एरर दाखव. आणि स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलला आरसी स्नबर (विजेचा झटका शोषणारी जोडणी) लाव, आयटूसीच्या (चिप आणि ईएसपी३२मधल्या) वायरी वीतभरच ठेव. मूळ दुखणं बहुतेक तिथंच आहे, कोड फक्त ते झाकत होता.

रात्रपाळी: मॉड्यूलला ५ व्होल्ट देत असाल तर सेलही बघून घ्या. त्या स्वस्त निळ्या बोर्डावर चार्जिंगची जोडणी असते आणि साधा सीआर२०३२ (बटन सेल) चार्ज करायचा नसतो. डायोडाजवळचा रेझिस्टर काढून टाका, नाहीतर ३.३ व्होल्टवर चालवा.