ऑटिस्टिक प्रौढाने इम्प्रोव्हच्या वर्गात जावे का?

सायंतारा
माझ्या धाकट्या भावाला तिशीनंतर ऑटिझमचे निदान झाले. आम्ही शिकागोत राहतो. प्रेक्षकांनी सुचवलेल्या एखाद्या शब्दावरून तिथल्या तिथे रचले जाणारे विनोदी प्रवेश तो आवडीने पाहत आला आहे आणि आता इम्प्रोव्हच्या वर्गात नाव नोंदवू म्हणतो. आयत्या वेळी बेत बदलला तरी त्याची घालमेल होते. मग ज्या कलेत आधी काहीच ठरलेले नसते ती त्याला झेपेल का, अशी काळजी आईबाबांना वाटते. अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे.

कवडसा
मी ऑटिस्टिक आहे आणि एका हौशी गटात इम्प्रोव्ह करते. संवाद ठरलेले नसले, तरी नियम ठरलेले असतात आणि ते उघडपणे सांगितले जातात: जोडीदाराने मांडलेली गोष्ट खरी धरायची आणि तिच्यात आपली भर घालायची. ‘डॉक्टर, माझा बैल रात्रभर जागाच असतो’ असे कोणी म्हटले, की मी कोण, समोरचा कोण आणि अडचण काय, हे त्या एका वाक्यात कळते. कार्यालयातल्या चहाच्या वेळी मात्र कोणाशी किती बोलायचे, थट्टा कोणती आणि विषय संपला केव्हा, यांतले काहीच कोणी सांगत नाही. बाहेर ज्या उत्तरावर लोक गप्प होतात, त्याच उत्तरावर इथे प्रवेश पुढे सरकतो. दमणूक मात्र खरी आहे; वर्गानंतरची वेळ मोकळी ठेवावी.

नेपथ्य
इम्प्रोव्हचे खेळ नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांनी शिकागोतच घडवले, आणि तेही भाषा व संस्कृती वेगवेगळ्या असलेल्या मुलांसाठी. प्रत्येक खेळात लक्ष एकाच ठरलेल्या गोष्टीवर ठेवायचे, ही त्यांची पद्धत तुमच्या भावाला मानवेल असे मला वाटते. १९५९ मध्ये सुरू झालेल्या ‘सेकंड सिटी’ या शिकागोतल्या विनोदी नाट्यसंस्थेच्या संस्थापकांत त्यांचे पुत्र पॉल सिल्स होते.

अंतर्नाद
वर्ग मात्र पारखून घ्यावा. ऑटिस्टिक माणसाने चारचौघांसारखे दिसावे हाच वर्गाचा हेतू असेल आणि नजरेला नजर देण्याची सक्ती असेल, तर आयुष्यभर करावी लागलेली बतावणीच तिथेही करावी लागते. ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधले गैरसमज दोन्ही बाजूंनी होतात, हे संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले. संशोधक कॅथरीन क्रॉम्प्टन यांच्या २०२० च्या अभ्यासात एकाकडून दुसऱ्याकडे सांगत नेलेली गोष्ट केवळ ऑटिस्टिक माणसांच्या साखळीतही इतरांच्या साखळीइतकीच नीट पोहोचली, तर मिश्र साखळीत तिची अधिक गळती झाली. म्हणून गटात आणखी ऑटिस्टिक माणसे असतील तर फार चांगले. स्पर्श, गोंगाट आणि मध्येच बाहेर पडण्याची मुभा यांविषयी प्रशिक्षकांना आधीच विचारावे. आयत्या वेळचे जमलेच नाही, तर लिहून बसवलेली प्रहसनेही आहेत; मॅसॅच्युसेट्समधल्या ऑटिस्टिक मित्रांचा, २०१० मध्ये सुरू झालेला ‘ॲस्पर्जर्स आर अस’ हा गट तीच करत असे.

सायंतारा
मनापासून आभार. भाऊ विचारतो, की प्रवेश संपल्याचे कसे कळते?

कवडसा
गटातला कोणीतरी प्रवेशाच्या पुढून धावत जातो, किंवा दिवे मालवले जातात. नवशिक्यांच्या वर्गात प्रशिक्षक बहुधा तोंडानेच सांगतात. तशी विनंती त्याने पहिल्याच दिवशी करावी.