अनुभव धागा : सोलापुरातून कळसूबाईवर

आपल्याकडे माळरान आणि ज्वारीची शेतं. पायाला चढाची सवय नसते, सह्याद्री लांब. म्हणून राज्यातल्या या सर्वांत उंच शिखरावर (१६४६ मीटर) जाऊन आलेल्यांनी सोलापुरातल्या आपल्या भागाचं नाव टाकून इथे लिहावं. कधी गेलात, पाय काय म्हणाले, वर काय दिसलं? नव्या माणसाला हेच हवं असतं.

होटगी रोड :
रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, पहाटे कल्याण, मग कसारा लोकल आणि पुढे जीपने बारी गाव. भातखाचरं मागे पडली की उभा चढ लागतो. लोखंडी शिड्यांची मला धास्ती होती, पण त्यांना धरायला कठडा आहे. खरा दम काढतो तो दोन शिड्यांमधला दगडमातीचा चढ. सुट्टीच्या दिवशी शिड्यांवर रांग लागते, तेव्हा आठवड्याच्या मधल्या दिवशी जा.

अशोक चौक :
मी यंत्रमागावर काम करतो, दिवसभर उभाच. चढताना त्याचा फायदा झाला. उतरताना मात्र मांड्या भरून आल्या. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलतो, म्हणून दुसऱ्या दिवशी ठणका जास्त. त्यामुळे जायच्या आधी जिने चढण्याचा नव्हे, उतरण्याचा सराव करा. एवढं एक ऐकाच.

जुळे सोलापूर :
श्रावणात गेले होते. माथ्यावर ढग इतका दाट की कळसूबाईचं छोटं देऊळसुद्धा जवळ गेल्यावर दिसलं. तरी वारा, ओलं गवत, सगळं आवडलं. पण दिवाळीनंतर पुन्हा गेले तेव्हा कळलं लोक एवढे का चढतात. भंडारदऱ्याचं पाणी, अलंग-मदन-कुलंगचे कातळ, लांबवर हरिश्चंद्रगड. क्षितिज आपल्याला नवं नाही, सोलापुरात गच्चीवर उभं राहिलं तरी चारी बाजूंना दिसतं. इथे ते डोळ्यांच्या खाली होतं, आणि मध्ये डोंगरांच्या रांगांवर रांगा. मी बराच वेळ एका जागी बसून होते. वर झाड नाही, आडोसा फक्त देवळाचा, त्यामुळे वारा अंगावर येतो, स्वेटर हवाच.

सिद्धेश्वर पेठ :
आईला घेऊन नवरात्रात गेलो. तेव्हा वर देवीची यात्रा असते. आसपासच्या गावांतल्या बाया लुगड्यात, काही अनवाणी, ओटीचं सामान घेऊन चढत होत्या. त्यांच्यातल्या एका आजींनी आईला शिडीवर हात दिला. आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती, तीच सगळ्यांनी मिळून खाल्ली. प्रवासात खराब होत नाही, बरोबर न्याच. पाणी मात्र भरपूर घ्या. आणि एप्रिल-मेमध्ये जायचं असेल तर अंधारातच बारी सोडा. उन्हाची आपल्याला सवय असली तरी वरच्या टप्प्यात सावली नाही.