मदत हवी आहे: सिनियर केजीला ऑटम कसा शिकवू? (अर्जंट)

केजी_टीचर
नमस्कार मंडळी, सोमवारच्या आत उत्तर हवंय प्लीज. या महिन्याची थीम ऑटम आहे, सॉफ्टबोर्ड सजवायचाय, एक अ‍ॅक्टिव्हिटी घ्यायचीय आणि वीस मिनिटांचं सेशन, त्याचा व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर जाणार. वर्कशीटवर केशरी पानं, मफलर घातलेली खार आणि भोपळा आहे. नेटवर सगळीकडे तेच ते. परवा एकाने वर्कशीट रंगवता रंगवता विचारलं, टीचर पण पानं पडलीत कुठे? काय सांगायचं अशा वेळी? काहीतरी सोपं आणि पटकन होणारं सुचवा.

न्यूजर्सीची_माई
अगं सोप्पंय, मुलांना घेऊन बाहेर जायचं, प्रत्येकाला एक पिशवी द्यायची, मेपलची ओकची पानं गोळा करायची आणि जाड पुस्तकात दाबून ठेवायची. आमच्याकडे आत्ता नुसता सडा पडलाय.

सरळसोट
माई, त्या कुठल्या गावच्या ते तरी विचारा आधी. टीचर, शहर कोणतं, मुलं किती वयाची, शाळेला अंगण आहे का?

केजी_टीचर
पुणे. कुठल्या गावची म्हणजे काय, मराठीतच लिहिलंय ना मी 😅 मुलं पाच-साडेपाच वर्षांची. अंगण आहे, फरश्या आहेत, कडेला चार झाडं. सगळी हिरवीगार. माई, मेपल कुठून आणू?

झाडवेडा
हिरवीगारच असणार! ऑक्टोबर आहे. नुकता पाऊस संपलाय, जमिनीत पाणी आहे, झाडाला पानं टाकायची गरजच काय? आपल्याकडे खरी पानगळ शिशिरात, माघ-फाल्गुनात. पिंपळ, कडुलिंब, सावर, पांगारा यांच्याखाली फेब्रुवारी-मार्चमध्ये जाऊन बघा. थंड देशात दिवस लहान होतो, गारठा येतो, झाड हिरवा रंग बनवणं थांबवतं आणि पानात आधीपासून असलेला पिवळा रंग दिसायला लागतो. आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी वाचवायला झाडं पानं टाकतात. त्यामुळे त्या मुलाचा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे आणि ती वर्कशीट सरळ रद्दीत घाला.

दोन_पोरांची_आई
रद्दीत घाला म्हणायला काय जातं? वर्कशीट भरून घरी आली नाही की आम्हीच पालक ग्रुपवर विचारतो, मला माहितेय. आणि मुलांना बाहेरच्या जगातलं कळायला नको का? उद्या कार्टूनमध्ये बघणारच आहेत.

झाडवेडा
बघू देत की. पण आधी खिडकीबाहेरचं, मग कार्टूनमधलं. पोरांना खार मफलर घालते हे ठाऊक आणि दारातला कडुलिंब ओळखता येत नाही.

ओवा_लवंग
या दिवसात दुपारी ऊन आणि पहाटे गार, मुलं हमखास आजारी पडतात. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकावी. थंड पाणी बंद.

सरळसोट
काकू, प्रश्न तो नाहीये.

मेलबर्नकर
भर घालतो. आमच्याकडे ऑटम मार्च ते मे, आत्ता वसंत चालू आहे. माझी मुलगी पुण्यातल्या आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलते तेव्हा दोघी आपापली खिडकी दाखवतात. टीचर, वर्गातल्या कोणाचे मामा-काका बाहेर असतील तर त्यांच्याकडून दहा सेकंदांचा खिडकीचा व्हिडिओ मागवा. केशरी पानं तिकडची, हे मुलांना आपोआप कळेल आणि वर्कशीटही वाया जाणार नाही.

केजी_टीचर
हे आवडलं. एकीची आत्या लंडनला आहे. पण अ‍ॅक्टिव्हिटी?

लॅबवाला_दादा
पालकाची पानं कुस्करून नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये भिजवा आणि फिल्टर पेपरची पट्टी त्यात उभी करा. हिरवा आणि पिवळा वेगवेगळे वर चढतात.

दोन_पोरांची_आई
पाच वर्षांच्या मुलांच्या हातात नेलपॉलिश रिमूव्हर?? तीस मुलं, एका बंद वर्गात? दादा तुम्हाला मुलं आहेत का?

लॅबवाला_दादा
टीचरने करायचं, मुलांनी लांबून बघायचं, खिडक्या उघड्या ठेवून. प्रत्येक गोष्टीला घाबरलात तर शिकणार काय?

मीनल_बालवाडी
मी बरीच वर्षं बालवाडीत आहे, मला विचाराल तर रिमूव्हर नको. सावली घ्या. अंगणात काठी उभी करायची, रोज जमलं नाही तर दर सोमवारी, पण एकाच वेळी, समजा साडेनऊला, सावलीच्या टोकाला खडूने खूण. डिसेंबरपर्यंत सावली लांबत जाते, मुलं पावलांनी मोजतात आणि भांडतात कोणाचं पाऊल खरं. पुण्यात मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, लहानात लहान अकराचा, म्हणजे फरक थोडाच, पण सावलीत तो दिसतो. मेच्या मध्यावर तर भर दुपारी काठीची सावली गायबच होते, शून्य सावली दिवस, तेव्हा शाळेला सुट्टी असते हे आपलं दुर्दैव.

आणि बोर्डावर आत्ताचं लावा ना. झेंडू, शेवंती, भाताच्या लोंब्या, सकाळचं दव. रस्त्याकडेला सातवीण फुललेली असते, संध्याकाळी वास येतो तो, मुलांना डोळे मिटून विचारा. मैदानावर धोबी पक्षी आलेत का बघा, शेपटी सारखी वरखाली करतो, मुलं नक्कल करत अख्खं अंगण फिरतात, तुमचा व्हिडिओ तिथेच झाला.

टेकडीवरचा
टेकडीवर पिवळा कॉसमॉस पण जबरदस्त फुललाय, तो लावा.

झाडवेडा
कॉसमॉस परदेशी तण आहे, स्थानिक गवताच्या मुळावर उठलंय, त्याचं कौतुक मुलांना शिकवू नका.

टेकडीवरचा
झेंडू कुठे आपला आहे हो? मेक्सिकोचाच. दसऱ्याला तोरण लावलंत ना?

सरळसोट
तुमचा वेगळा धागा काढा 🙏

झाडवेडा
बरं, कामाचं सांगतो. लाल पान हवंच असेल तर देशी बदाम शोधा, मोठ्या पानांचा, मजल्यामजल्याचा दिसतो तो. पूर्ण लाल होऊन गळतो थंडीच्या शेवटी, पण एखाददुसरं लाल पान आत्ताही खाली सापडतं. ते तळहातावर ठेवून देठाचं टोक दाखवा, कसं गुळगुळीत असतं. झाड देठापाशी पापुद्रा तयार करून पान सोडतं. शेजारी हिरवं पान ओढून तोडा, त्याचा देठ फाटतो. मुलांना हात लावून फरक कळतो.

नवीन_पालक
शाळा कोणती? फी किती आहे? नर्सरीचे फॉर्म कधी निघतात?

केजी_टीचर
फी वगैरे इथे नको प्लीज. ठरलं: सोमवारी काठी, बदामाचं पान आणि लंडनच्या आत्याची खिडकी. वर्कशीट शेवटी, "आत्याकडचा ऑटम" म्हणून. कडुलिंबाखाली फेब्रुवारीत परत न्यायचं आत्ताच डायरीत लिहून ठेवलंय. मीनलताई, खडूची खूण आठवडाभर टिकते का? आमच्याकडे रोज फरशी धुतात.

मीनल_बालवाडी
नाही टिकत. ऑइलपेंटचा छोटा ठिपका द्या आणि मावशींना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या घासून काढतात. काठीची जागा पण हलू देऊ नका, कुंडीत वाळू भरून रोवा आणि कुंडीभोवती पण पेंटने गोल काढा.