सख्ख्यांचा दगा: 'द व्हॅम्पायर डायरीज' बघताना तुम्हाला घरचं काय आठवलं?

राजापूर

या पावसाळ्यात 'द व्हॅम्पायर डायरीज' पहिल्यापासून पुन्हा बघितली. आठ सीझन, 171 भाग, 2009 ते 2017. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी अकरावीत होते, रत्नागिरीला हॉस्टेलवर. एका लॅपटॉपभोवती आम्ही सहाजणी, कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून आलेले भाग, आणि भांडण एकच: एलेनाने दोघा भावांतल्या कोणाला निवडावं, स्टीफन की डेमन? आता तिशी ओलांडल्यावर एलेना कोणाची होते याच्याशी मला काही घेणंदेणं राहिलं नाही. मी अडकले ती 1864 मध्ये.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. स्टीफन आणि डेमन या सॅल्व्हातोरे भावांच्या घरी कॅथरीन पाहुणी म्हणून राहते. ती व्हॅम्पायर आहे हे दोघांना कळलेलं असतं. डेमन धाकट्याला बजावतो, वडिलांपाशी बोलू नकोस. स्टीफनला वाटतं, वडील आपलेच आहेत, नीट समजावलं तर ऐकतील. वडील ऐकून घेतात आणि त्याच्याच पेल्यात वर्वेन घालतात, म्हणजे व्हॅम्पायरला विषासारखी असलेली वनस्पती. त्या रात्री कॅथरीन त्याचं रक्त पिते आणि कोसळते. मग गावातले लोक येऊन तिला नेतात. दोघे भाऊ तिला सोडवायला जातात तेव्हा दोघांना गोळ्या लागतात, आणि त्या झाडणारा त्यांचा बाप असतो. त्यात मरून दोघेही व्हॅम्पायर होतात.

डेमनचा राग पुढे आणखी कशाकशावर जातो, पण सुरुवात इथे आहे. आणि स्टीफनने चुगली केलेली नव्हती. त्याने विश्वासाने सांगितलं होतं.

मी सातवीत होते. काका मला मोटारसायकलवर मागे बसवून तालुक्याला घेऊन गेले. आधी कुठल्याशा कार्यालयात बराच वेळ गेला, मग स्टँडवर त्यांनी मला कोकम सरबत घेऊन दिलं. त्यांच्या डाव्या अंगठ्याला जांभळी शाई होती, ती ते रुमालाला पुसत होते आणि जात नव्हती. म्हणाले, वरची काजूची जागा आहे ना, तिच्यातला माझा हिस्सा देतोय एका पार्टीला. घरी बोलू नकोस हां बाय, मी सांगेन दादाला.

मी दोन दिवस गप्प राहिले. मग मला वाटलं, काकांना पैशाची अडचण आहे, बाबांना कळलं तर बाबा देतील. रात्री जेवताना सांगितलं. बाबा काहीच बोलले नाहीत, ताक घेतलं आणि उठले. सातबारा सामाईक होता. नोंद झाली की हरकत घ्यायला 15 दिवस असतात, बाबांनी चौथ्या दिवशी घेतली. व्यवहार मोडला. त्या वर्षापासून काकांचा गणपती वेगळा झाला, दीड दिवसांचा. मधल्या पडवीत भिंत आली, चिऱ्याची, गिलावा न केलेली. अठरा वर्षं झाली. ते सगळ्यांशी बोलतात, माझ्याशी नाही. त्यांना माहीत आहे कोणी सांगितलं ते.

हे मी आजवर नवऱ्यालाही धड सांगितलेलं नव्हतं. मालिका बघताना तुमच्याही आत असं काही हललं असेल तर इथे लिहा. कोणाचं नाव नको, गाव पुरे.

मालवण

स्टीफन-डेमनपेक्षा मला मायकेल्सन कुटुंब, म्हणजे जगातले पहिले व्हॅम्पायर, जास्त खरं वाटलं. क्लाउस आपल्या भावाबहिणींच्या छातीत चांदीचा सुरा खुपसतो, पांढऱ्या ओकच्या राखेत बुडवलेला. ती मरत नाहीत, नुसती सुकून पडतात. मग तो त्यांच्या शवपेट्या गावोगाव स्वतःबरोबर वाहत नेतो. फिन तर 900 वर्षं पेटीत. आणि हे सगळं कुटुंब एकत्र राहावं म्हणून! एलायजा त्याला मारायच्या बेतात असतो तेव्हा क्लाउस सांगतो की भावंडांची शरीरं माझ्याकडे आहेत, तुला त्यांच्याकडे नेतो. एलायजा हात आवरतो. क्लाउस शब्द पाळतो, त्यालाही सुरा मारून शेजारच्या पेटीत घालतो.

आमच्या आजोबांचा ट्रॉलर होता. मुलगा मुंबईला जातो म्हणाला की त्याचा वाटा बंद, बोलणंही बंद. माझे वडील दोनदा गेले आणि दोनदा परत आले. पण मला सांगायचंय ते आत्याबद्दल. तिला दोन स्थळं आली होती, एक तर तिच्याच पसंतीचं, वेंगुर्ल्याकडचं. आजी अंथरुणाला खिळलेली, घरात दहा माणसं जेवायला, हिला पाठवली तर करणार कोण? आजोबांनी निरोपच पाठवला नाही. ते लोक वाट बघून दुसरीकडे गेले. आत्या आज बासष्ट वर्षांची आहे आणि त्याच चुलीपाशी आहे. आता गॅस आहे एवढंच.

रेबेका सुऱ्याने पडते तो भाग मी मोबाइलवर बघत होतो. 1920 च्या दशकातलं शिकागो, तिने भावाऐवजी स्टीफनला निवडलं म्हणून. पुढची नव्वदेक वर्षं ती पेटीत. आत्या मागे सुकट निवडत बसली होती. तिला इंग्रजी येत नाही. वाकून बघितलं आणि विचारलं, "ह्या चेडवाक कोणी मारल्यान?"

म्हटलं, भावान.

ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मारल्यान नाय. ठेवल्यान."

आणि परत सुकट निवडायला लागली. मी तो भाग पुढे बघू शकलो नाही.

गुहागर

डेमनला सगळे इतक्या लवकर माफ करतात याचा मला राग येतो. लेक्सीला त्याने काय म्हणून मारलं? स्टीफनची सगळ्यात जुनी मैत्रीण, त्याच्या वाढदिवसाला आलेली, आणि याने शेरीफसमोर तिच्या छातीत खुंटी मारली. स्वतःवरचा संशय जावा आणि व्हॅम्पायर शोधणाऱ्या गावच्या कौन्सिलचा विश्वास बसावा एवढ्यासाठी. माझ्या मोठ्या भावाने बागेच्या हिशेबातले पैसे उचलले आणि आळ माझ्या मित्रावर टाकला. मित्र गाव सोडून गेला. भाऊ आज गावात मानाचा माणूस आहे. नंतर किती का चांगला वागेना, मी त्याच्या ताटाला ताट लावत नाही.

देवगड

घराच्या कागदाचा प्रसंग आठवतोय का कोणाला? दुसऱ्या सीझनमध्ये क्लाउसपासून वाचायला सॅल्व्हातोरेंचं घर एलेनाच्या नावावर करतात, कारण मालकाने आत बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला उंबरठा ओलांडता येत नाही. सह्या झाल्यावर एलेना आत आणि ते दोघे भाऊ स्वतःच्याच दाराबाहेर उभे. स्टीफनला ती लगेच बोलावते. डेमनला मात्र आधी शब्द द्यावा लागतो की तिचं ऐकेन.

मैत्रिणींना तो प्रसंग हलकाफुलका वाटला. मला घशाशी आलं. 2011 मध्ये मी हक्कसोडपत्रावर सही केली. 2005 मध्ये कायदा बदलून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा जन्मापासून आहे, हे मला तेव्हा माहीत होतं. वडील गेल्याला वर्ष झालं नव्हतं. भाऊ म्हणाला, ताई, बँकेचं कर्ज काढायचंय, सातबाऱ्यावर नावं कमी असली की बरं पडतं, तुझं माहेर काय कुठे जातंय? दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फोटो काढताना त्या माणसाने दोनदा विचारलं, वाचलंत ना? मी हो म्हटलं. भाऊ शेजारी उभा होता, त्याच्यासमोर नाही कसं म्हणणार?

त्या मे महिन्यात हापूसच्या दोन पेट्या घरपोच आल्या. पुढच्या वर्षी एक. तिसऱ्या वर्षी मी फोन केला तेव्हा वहिनीने भाव सांगितला.

आमच्या कलमांतली सात झाडं मी आणि वडिलांनी मिळून लावलेली आहेत. मी खड्ड्यात शेणखत टाकत होते आणि ते रोप धरून उभे होते. आता माहेरी गेले की मी खळ्यात चपला काढते आणि कोणीतरी 'ये' म्हणायची वाट बघते. आधी कधी बघितली नव्हती.

श्रीवर्धन

देवगडच्या ताई, तुमचं वाचून लिहायचं ठरवलं.

माझ्यासाठी ही मालिका म्हणजे एलेनाची मैत्रीण कॅरोलाइन आणि तिची आई लिझ. आई शेरीफ, व्हॅम्पायर शोधून मारणाऱ्या कौन्सिलमधली, आणि पोटची मुलगीच व्हॅम्पायर झालेली. सुरुवातीला लिझला तिच्याकडे बघवत नाही. बाप तर पुढे मुलीला कोंडून, छळ करून 'बरी' करायला निघतो. लिझ तसं करत नाही. ती हळूहळू येते, एकेक पाऊल, आणि सहाव्या सीझनमध्ये कॅन्सरने जाते तोवर दोघी एकमेकींच्या सगळ्यात जवळच्या झालेल्या असतात.

मी जातीबाहेर लग्न केलं. पप्पा म्हणाले, या घराचा उंबरठा तुला संपला. आई काही म्हणाली नाही, पण तिने फोनही केला नाही. चार वर्षं.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. आमच्या गावाकडचे सगळे फोन बंद. पाचव्या दिवशी आम्ही दोघं महाडहून मोटारसायकलने निघालो. म्हसळ्याच्या पुढे रस्त्यात झाडंच झाडं, कुठे कापून वाट केलेली, कुठे गाडी उचलून न्यायची. वाडीत पोचले तर वाडी ओळखू येईना. सुपाऱ्या अशा आडव्या झोपलेल्या, एकावर एक, सगळ्यांचे शेंडे एकाच दिशेला. घराची अर्धी कौलं गेलेली. पप्पा छपरावर ताडपत्री बांधत होते. त्यांनी वरून बघितलं आणि परत दोरी बांधायला लागले.

मी खळ्यात उभी राहिले. आई आतून आली, हातात ओला झाडू. माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे, यांना ती पहिल्यांदाच बघत होती. म्हणाली, "आत या. पाय जपा, काचा आहेत."

पप्पा तीन महिन्यांनी बोलले. ते काय म्हणाले ते मला आठवत नाही. काचांचं आठवतं.

वेंगुर्ला

कॅथरीन चर्चखालच्या थडग्यात कोंडलेली आहे असं समजून डेमन 145 वर्षं त्या थडग्यासाठी जगतो. माणसं मारतो, भावाचं आयुष्य नासवतो, एलेनाची मैत्रीण बॉनी, तिच्या जादूगार आजीला ते उघडायचा मंत्र घालायला लावतो. थडगं उघडतं आणि आत कॅथरीन नसतेच. ती कधी आत नव्हतीच, आणि डेमन कुठे आहे हे माहीत असून तिने त्याला कळवलं नाही. बॉनीची आजी मात्र त्या रात्री दमून जीव सोडते. भांडण कोणाचं आणि गेलं कोण?

बाबांनी समुद्राकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या वाटेसाठी चुलतभावावर दावा लावला. 19 वर्षं चालला. तारखेच्या दिवशी आई पहाटे चारला उठून डबा करायची. शिवाय चुलत काकूशी लपून बोलायची, कुंपणापलीकडून वाटीभर सोलकढी जायची, इकडे सांदणं यायची. दोन्हीकडच्या शिव्या तिने ऐकल्या. निकालाआधी दोन वर्षं आई गेली. त्यानंतर सहा महिन्यांनी चुलत काकाही.

निकाल आमच्या बाजूने लागला. बाबा नक्कल घेऊन आले, प्लास्टिकच्या पिशवीत. कोणाला दाखवणार? काकांची मुलं मुंबईला, त्यांना दावा अजून चालू आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. फोनवर म्हणाली, आप्पा, तुम्ही जा की त्या वाटेने, आम्ही कधी अडवलं? बाबांनी ती नक्कल आईच्या फोटोमागे ठेवली आहे. त्या वाटेवर आता कमरेएवढं गवत आहे.

दापोली

मी फारसं काही लिहिणार नाही, माझ्या घरातलं प्रकरण अजून चालू आहे. फक्त राजापूरच्या ताईंना एक सांगायचंय. तिसऱ्या सीझनआधी डेमनला वेअरवुल्फचा, म्हणजे माणसाचा लांडगा होणाऱ्याचा, जीवघेणा चावा होतो तेव्हा त्याला वाचवायला स्टीफन स्वतःला क्लाउसच्या हवाली करतो. शेवटच्या सीझनमध्येही जळायला तोच जातो, डेमनला जायचं असताना. तो काही 1864 ची परतफेड करत नव्हता असं मला वाटतं. त्याला भाऊ हवा होता. तुम्ही काकांकडे जाऊन या.

राजापूर

सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा वाचलं. मालवणच्या आत्यांना माझा नमस्कार सांगा.

काल गेले होते. काका खळ्यात कोयती घासत बसले होते. मान वर केली, परत खाली घातली. 'ये' म्हणाले नाहीत. काकूने प्लास्टिकची खुर्ची आणून खळ्यातच ठेवली, मी बसले. सगळं पाठ करून गेले होते, त्यातलं निम्मंच बोलता आलं. मी सांगितलं की बाबा पैसे देतील असं मला वाटलं होतं.

काकांनी बोटाने धार बघितली. म्हणाले, "कशाला पाहिजे होते ते विचारलंस कधी?"

नव्हतं विचारलं. अठरा वर्षांत मीच काय, आमच्या घरात कोणीच नाही.

"काकूच्या गाठीचं ऑपरेशन होतं. तिने कोणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती. मग दागिने मोडले."

काकू दारातच उभी होती. तिच्या गळ्यात काळी पोत आहे, दोन वाट्यांची. तिच्या मंगळसूत्राला आधी सोन्याचा सर होता हे मला तेव्हा आठवलं, लहानपणी मी तिच्या मांडीवर बसून तो चावायची.

मला काही बोलता येईना. तेवढ्यात सर आली, चांगली जोरात. काकांनी कोयती उचलली आणि पडवीत गेले. मी उठले नाही. काकू भिजत खाली उतरली, म्हणाली ऊठ गो, आणि ती खुर्ची ओढत पडवीत घेऊन गेली, भिंतीच्या त्यांच्या बाजूला.